दहा तारखेच्या शेळ्या

दुलमाच्या नियोजनाला बक्षीस मिळालं होतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढे जे झालं ते अडाणीपणामुळे झालं, असं कुणी म्हणायला नको.

गेल्या सप्टेंबरात राजधानीतल्या कॉलेजने दुसऱ्या वर्षाच्या सगळ्या पोरांना एका दालनात बसवलं आणि एक गुळगुळीत तरुण त्यांच्यापुढे उभा केला. त्याचे बूट इतके चकचकीत होते की पुढच्या रांगेतल्या मुली त्यांत बघून केस सारखे करत होत्या. आयुष्याचं नियोजन कसं करावं हे त्याने दोन तास सांगितलं. बाहेरची कॉफी पिऊ नये. ध्येय कागदावर लिहावं. प्रत्येक ध्येयासमोर तारीख टाकावी, आणि एकदा टाकली की ती तारीख आपल्या बापाचंही ऐकत नाही असं समजून चालावं. दुलमाने उभ्या जन्मात बाहेरची कॉफी प्यायली नव्हती, त्यामुळे तिचं एक ध्येय जागच्या जागी पुरं झालं. बाकीचं तिने वसतिगृहाच्या खाटेवर बसून, पट्टी धरून चार दिवस आखलं. उन्हाळी सत्राची फी दोन हप्त्यांत. पहिला दहा एप्रिल, दुसरा दहा मे. दुसरा चुकला तर परीक्षेच्या यादीतून नाव बाद. पैसे कुठून येणार, या रकान्यात तिने सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘शेळ्यांची लोकर’.

कागदावर पालकाची सही लागत होती. म्हणून तो एका व्हॅनवाल्याच्या हाती घरी गेला आणि सही होऊन आला. बापाने, त्सेवेनने, त्याची एक नक्कल स्वतःच्या हाताने उतरवून घरी ठेवली. पहिलं बक्षीस म्हणून दुलमाला थर्मास मिळाला. त्यात ओतलेला चहा अर्ध्या तासात विहिरीच्या पाण्यासारखा होई.

मग झुद आला, म्हणजे जनावरं मारणारा हिवाळा. नोव्हेंबरात पाऊस पडला, त्यावर बर्फ पडलं, आणि त्यावर थंडी जी बसली ती मार्चपर्यंत उठलीच नाही. गवत काचेखाली ठेवल्यासारखं दिसायचं आणि शेळ्या त्यावर खूर घासून घासून मरायच्या. घोड्यांच्या डोळ्यांतलं पाणी गालावर गोठून लोंबे. दुलमाची आई होरलो ते मोडून चहात टाकायची आणि त्या चहाला वेगळं मीठ लागत नसे, असं आजूबाजूचे लोक अजून सांगतात. खोटं असेल तर त्यांचं.

पहिला हप्ता मात्र दहा एप्रिलला वेळेवर पोचला. फोनवर बाप म्हणाला, काकाने दिले. दुलमाने नियोजनाच्या त्या ओळीवर बरोबरची खूण केली. दुसऱ्या हप्त्यासाठी तिने मे उजाडताच आठवडाभराची सुट्टी काढली, कारण शेळ्यांची लोकर फणीने विंचरून काढायला माणूस कमी पडेल, आणि तीन तारखेला ती व्हॅनमध्ये बसून घराकडे निघाली.

शेवटची टेकडी उतरायला लागल्यावर आधी वास आला. ड्रायव्हरने काच वर केली, तरी तो आत येऊन बसला.

“तुमच्याकडचाच का हा?” ड्रायव्हर म्हणाला.

“सगळीकडचाच असेल.”

“नाही. मघाच्या वस्तीवरचा गोडसर होता. हा आंबट आहे.” त्याने तेवढ्यातच गाडी थांबवली. “इथेच उतर पोरी. गाद्यांत बसला तर परतीचे लोक बसत नाहीत. नऊ तारखेला सकाळी इथेच येतो. उभी राहा, हाका मारायला मी आत येणार नाही.”

अर्धा कोस ती बोचकं घेऊन चालली. घर होतं तिथेच होतं, गोल, पांढरं, धुराड्यातून धूर. मागच्या बाजूला, जिथे दरवर्षी गवताची गंजी असते तिथे, दुसरीच गंजी होती. तिला पाय होते. कावळे उडण्याचीही तसदी घेत नव्हते. इतके खाऊन बसले होते की चालत बाजूला होत होते.

दारात सहा शेळ्या उभ्या होत्या, कपडे घालून. एकीच्या अंगात बापाचा निळा सदरा, एकीला जुना पडदा गुंडाळलेला, आणि एकीच्या अंगात दुलमाचा दहावीचा स्वेटर. छातीवर शाळेचा बिल्ला तसाच होता.

“हे काय?”

“थंडी वाजते त्यांना,” होरलो म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

आत देवाच्या पेटीवर, बुद्धाच्या तसबिरीशेजारी, दुलमाचा कागद चिकटवला होता. बापाच्या अक्षरात. तुपाच्या दिव्याने त्याचा एक कोपरा काळा झाला होता.

त्सेवेन आला, खाली बसला. थंडीने भाजलेले त्याचे गाल जुन्या चामड्यासारखे दिसत होते. तब्येतीची, रस्त्याची, परीक्षेची विचारपूस झाली.

“किती राहिल्या, बा?”

“आहेत.”

“सदतीस,” चुलीपाशी होरलो म्हणाली. “दोनशे चाळीसातल्या.”

“मग दुसरा हप्ता?”

त्सेवेनने चहा संपवला, वाटी चाटली आणि चटकन बाजूला ठेवली. “मागे पडल्यात त्यांची काढायची. सहा तारखेला ट्रॅक्टर येतो, पुरायला. त्याच्या आत.”

“मेलेल्यांची?”

“शेळी मेलेली असते. लोकर नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं मागे गेली. सामान असं: दोन वाकड्या दातांच्या लोखंडी फण्या, एक पक्कड, एक आकडी, दोर, आणि पोती. होरलोने तिघांच्या नाकातोंडावर फडकी बांधली आणि फडक्यांच्या आत चिमूट चिमूट तपकीर ठेवली. शिंक आली की फडकं फुगायचं आणि तपकीर डोळ्यांत जायची. वास मात्र तपकिरीच्या बाजूने वळसा घालून यायचा.

वरच्या शेळ्या आधी ओढून खाली आणायच्या होत्या. त्सेवेनने आकडी शिंगात घातली, दुलमाने दोर धरला. पहिली खाली आली ती पोटावर घसरत आली आणि तिच्या पोटातून हवा गेली. तो आवाज माणसासारखा होता. दुलमाने तोंड वळवलं. मग तिने त्या शेळीच्या खांद्यावर फणी टेकवली, लहानपणी शिकवल्याप्रमाणे, मानेकडून मागे.

फणीत नुसते राठ केस आले.

तिने बाजूला चाचपलं. कुशीत, पोटाखाली, मांडीशी. आतली मऊ लोकर नव्हतीच. कातडीवर फणीचे ओरखडे होते, वाळलेले, सरळ रेघांचे. तिने दुसरी ओढली. तिच्यावरही तेच. तिसरीवरही.

“बा, ह्या विंचरलेल्या आहेत.”

त्सेवेन चौथीच्या शिंगात आकडी घालत होता. “ती बाजूला सार. खालच्या बिनविंचरलेल्या आहेत.”

“ह्या कुणी विंचरल्या? कधी?”

“सांग की आता,” होरलो फडक्याआडून म्हणाली. “ती काय आंधळी आहे?”

त्याने आकडी सोडली. हात डगल्याला पुसले. डगला हातांपेक्षा घाण होता.

“कागदावर दहा एप्रिल होतं,” तो म्हणाला.

“एप्रिलच्या आरंभी शेळी विंचरतं का कुणी? थंडी गेल्याशिवाय लोकर अंगापासून सुटत नाही.”

“मी विंचरली. चांगल्या सशक्त बघून पन्नास निवडल्या. म्हटलं, ह्यांना सोसेल. सुटलेली नव्हती, ओढून काढली.”

“आणि?”

“आणि सतराला वारा आला,” होरलो म्हणाली. “सोबत बर्फ. दोन दिवस. सहा घरात घेतल्या, होतं नव्हतं ते त्यांच्या अंगात घातलं. सातवीला घालायला माझा डगला काढत होते, तर ह्यांनी धरलं मला. चव्वेचाळीस दाराबाहेर उभ्या उभ्या गेल्या. आणि ज्या मरतुकड्या म्हणून सोडल्या होत्या त्या एकतीस जगल्या. त्यांच्या अंगावर होती ना लोकर.”

दुलमाने पडलेल्या शेळ्यांकडे बघितलं. वाऱ्यात उभं राहिलं की जनावर कसं आखडतं हे तिला ठाऊक होतं. पाठ कमानीसारखी होते, चारी पाय एका जागी येतात. ह्या सगळ्या तशाच होत्या, कमानी करून पडलेल्या.

“काकाने पैसे दिले म्हणालात.”

“काकाकडे कुठले?” त्सेवेन म्हणाला. “त्याच्याकडे आता चाबूक तेवढा राहिला आहे.”

“मला फोन करायचा होता. तारीख पुढे ढकलली असती.”

“ढकलता येते?” त्सेवेनने विचारलं. टोमणा नव्हता त्यात. त्याला खरंच माहीत नव्हतं, आणि कळलं तर बरं होईल अशा आवाजात त्याने विचारलं.

येत होती. सूचनाफलकावर जानेवारीपासून एक अर्ज लावलेला होता, दुर्गम भागातल्या पोरांसाठी, हप्ता दोन महिने लांबवायचा. मार्चअखेरपर्यंत भरायचा. दुलमा रोज त्याच्यासमोरून जायची. भरला नाही, कारण बक्षीस मिळालेल्या नियोजनाला मुदतवाढ शोभली नसती. मैत्रिणी म्हणाल्या असत्या, हीच का ती पहिली आलेली. तिला आठवलं की एकदा तिने त्या अर्जाकडे बघून नाकसुद्धा मुरडलं होतं. तेच नाक आता फडक्याखाली गळत होतं.

“नाही येत,” ती म्हणाली, आणि चौथीचे पाय धरून तिला बाजूला ओढू लागली.

खालच्या थराला तिघं दुपारी पोचली. हिवाळ्यातल्या त्या. वरून गोठलेल्या आणि आतून पिकलेल्या. ह्यांना फणी लागतच नव्हती. मुठीत धरून ओढलं की लोकर कातडीच्या वरच्या सालीसकट निघून यायची, मऊ, ओलसर, कोमट. कोमट कशी, हे दुलमाला कळेना. मग कळलं. आत काहीतरी जिवंत होतं आणि ते भरपूर होतं. पांढरं, बारीक, भात शिजताना हलतो तसं हलणारं. त्सेवेन मूठ झटकायचा आणि लोकर पोत्यात टाकायचा. झटकलेलं खाली पडलं की कावळे येऊन वेचायचे.

तिला तीनदा ओकारी झाली. पहिल्यांदा फडकं काढायला वेळ मिळाला. दुसऱ्यांदा नाही मिळाला. तिसऱ्यांदा पोटात काही नव्हतं, तरी शरीर आपलं काम करत राहिलं.

“बस जरा,” होरलो म्हणाली.

“बसले तर उठायची नाही.”

“मग उभ्याने ओक.”

संध्याकाळी होरलोने सुकं मांस उकडलं. त्सेवेन जेवला. हाड फोडून आतलं चोखलं. दुलमाने वाटी तोंडापाशी नेली आणि बोटांचा वास आला. चुलीतली राख, साबण, उकळलेली चहाची पत्ती, सगळ्यांनी तिने हात घासले होते. ते सगळे वास आपापल्या वाटेने निघून गेले होते आणि तो एक तेवढा राहिला होता. तिला स्वतःच्या हातांची इतकी शिसारी आली की ते तिने गुडघ्यांखाली दाबून ठेवले, चोरीचा माल लपवावा तसे.

पाचला दिवसभर तेच. एवढाच फरक की पाचला ऊन होतं.

सहाला ट्रॅक्टर आला. बरोबर चुन्याची पोती आणि वस्तीप्रमुख नावाचा गृहस्थ. त्याच्या डगल्याला नवा रेशमी पट्टा होता आणि नाकाला अत्तराचा रुमाल. खड्डा खणून होईपर्यंत तो वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभा राहून बोलत होता. खड्डा इतका मोठा होता, की म्हणे ट्रॅक्टर एकदा आत गेला तो दुसऱ्या दिवशी बाहेर आला. हे अर्थातच ट्रॅक्टरवाल्याचं. त्याला तासावर पैसे होते.

“त्सेवेनदादा, इकडे या. वहिनी, तुम्ही पण. खड्ड्याच्या काठाला उभं राहा. अहवालाला फोटो लागतो.”

तिघं उभी राहिली.

“जरा दुःखी दिसा की. असे काय हिशेब करताय मनातल्या मनात. मदत येणार आहे, वरचे लोक फोटो बघतात.” मग दुलमाकडे बघून, “ही कोण? कॉलेजातली ना? पोरी, तू बाजूला हो. तुझे कपडे शहरातले दिसतात, मदत कमी होईल.”

दुलमा बाजूला झाली. त्सेवेन आणि होरलो फोटोत दुःखी दिसले. शेळ्या खड्ड्यात पडताना ज्या दिसल्या त्या सगळ्या सोललेल्या, ओरबाडलेल्या, अर्ध्या उघड्या. वरून चुना पडला.

“मदत कधी येईल?” होरलोने विचारलं.

“आधी फोटो जाईल,” वस्तीप्रमुख म्हणाला.

सातला गांझोरिग आला. लोकर घेणारा हाच एक व्यापारी त्या बाजूला फिरायचा, लहान निळ्या लॉरीतून, सूर्यफुलाच्या बिया फोडत. टरफलं तो कुठेही थुंकायचा. पोतं उघडून त्याने आत तोंड घातलं आणि कोल्ह्याने सापळ्यातून काढावं तसं बाहेर काढलं.

“मढ्याची.”

“लांब आहे,” त्सेवेन म्हणाला. “पांढरी आहे.”

“पांढरी आहे, लांब आहे आणि मेलेली आहे. माझ्या आजीचे केस असेच होते, दादा, ते मी विकले नाहीत.” त्याने एक धागा ओढून उजेडात धरला आणि मग, दुलमाला वाटलं की आता नको, आता नको, पण त्याने तो जिभेवर ठेवला. चघळला. थुंकला. “बारा किलो भरेल. पस्तीस हजार किलोला.”

“बाजारात एक लाख दहा हजार तुग्रुग आहे,” दुलमा म्हणाली.

“ही?”

“मुलगी. हिशेब शिकते कॉलेजात.”

“मग हिला सांगायला नको. बाजारात गिऱ्हाइकाला नाक असतं, ताई. नाक नसलेलं गिऱ्हाईक शोधून आण, मी लाखाने घेतो.”

बारा किलोचे चार लाख वीस हजार होत होते. लागत होते नऊ. दुलमाने हे डोक्यात केलं, आणि त्सेवेनने तिच्या तोंडाकडे बघून केलं.

गांझोरिग लॉरीच्या पायरीवर बसला. “एक सांगू? रागावू नका. त्या तिकडे एकतीस उभ्या आहेत ना, केसाळ. उद्या विंचरा. काही नाही तरी सहा किलो निघेल, ताजी, जिवंत. तिच्यात ही मुरवतो. थोडी वाळू, थोडं साखरेचं पाणी, वरून जिवंतीचा थर. माझी विद्या आहे ती. मग सगळी एकच लोकर, सगळ्याला लाख. अठरा लाख. यंदाचा हप्ता द्या, पुढच्या सत्राचाही एक हप्ता भरा, वर मला चहा पाजा.”

“मुरल्यावर वास जातो?” होरलोने विचारलं.

“माझ्याकडून जातो. पुढे कुणाकडे जातो ते मी बघत नाही.”

दुलमाला दिसलं. कुठल्यातरी गरम, उजळ दुकानात एक बाई ह्या लोकरीचा गळपट्टा गळ्याशी लावून बघते आहे, किती मऊ म्हणते आहे, गाल घासते आहे. तिच्या घशात पुन्हा पाणी आलं. आणि त्याच वेळी, त्या पाण्याखाली, अठरा लाख हा आकडा स्वच्छ उभा होता. पुढच्या सत्राच्या रकान्यासकट. तिला त्या बाईची किळस आली नाही, गांझोरिगचीही फारशी नाही. तिला त्या आकड्याची किळस आली, कारण तो तिला आवडला होता.

“उद्या संध्याकाळी येतो,” गांझोरिग म्हणाला आणि टरफल थुंकून गेला.

आठ तारखेच्या सकाळी वारा नव्हता. दक्षिणेकडे आभाळ दुधात पाणी घातल्यासारखं होतं. त्सेवेनने कागदाला नमस्कार केला की बुद्धाला, ते कळलं नाही. दोघं शेजारी होते. मग त्याने एकतीसातली पहिली शेळी धरली, कुशीवर आडवी पाडली, तीन पाय एकत्र बांधले. दुलमा तिच्या मानेशी बसली. शेळी हलकी होती, आत हाडं खुळखुळत होती.

त्सेवेनने तिच्या काखेत बोटं घातली. चाचपलं. पुन्हा चाचपलं.

“सुटली नाहीये,” दुलमा म्हणाली.

“थकलेलीची उशिरा सुटते.”

“मग?”

“ओढून निघेल.”

त्याने फणी लावली आणि ओढली. शेळी ओरडली. फणीला आलेल्या लोकरीच्या मुळाशी लाल ठिपके होते. दुसऱ्यांदा ओढली. तिसऱ्यांदा. उघड्या पडलेल्या जागेची कातडी निळसर होती आणि ती थरथरत होती. शेळी आता ओरडत नव्हती, एका डोळ्याने वर दुलमाकडे बघत होती. तो डोळा काही मागत नव्हता. नुसता बघत होता.

दुलमाने दोराची गाठ सोडवली.

“काय करतेस?”

“सोडते.”

“आज आठ आहे.”

“माहीत आहे.”

“उद्या सकाळी व्हॅन येते. परवा दहा.”

“तारीख मी टाकली होती, बा. तुम्ही नाही, शेळ्यांनी नाही. तिथे उबेत बसून, एका पोराच्या बुटांकडे बघत मी टाकली. आणि इथे कुणाला विचारलं नाही.”

“बक्षीस मिळालं होतं त्याला,” त्सेवेन होरलोला म्हणाला, जणू आता तिनेच काय ते ठरवावं.

“बक्षिसाला चार पाय असते तर तेही त्या खड्ड्यात गेलं असतं,” होरलो म्हणाली. पण ती मुलीच्या बाजूने बोलली की नवऱ्याच्या, तिलाही ठाऊक नव्हतं. ती खाली बघत होती.

त्सेवेनच्या हातात फणी तशीच होती. “मग चव्वेचाळीस फुकट गेल्या म्हणायच्या.”

दुलमाने दोर गुंडाळून बाजूला ठेवला.

“गेल्याच फुकट.”

तिला वाटलं, तो आता मारेल. लहानपणी एकदाच मारलं होतं त्याने, ती घोडा पाण्याशिवाय बांधून आली तेव्हा. पण तो नुसता बसला. फणीच्या दातांतले केस एकेक करून काढू लागला. शेळी उठली, अंग झटकलं, दुलमाच्या बुटांवर सावकाश, निवांत मुतली आणि बाकीच्या तीसांत जाऊन मिसळली.

संध्याकाळी गांझोरिगने ती मढ्याची लोकर तीस हजाराने नेली. पस्तीस म्हणालेलं तो विसरला होता. “जिवंतीवाचून मी हिला कशात पुरू?” तो म्हणाला. त्या पैशांचं पीठ आलं आणि शेळ्यांना कोंडा आला.

नऊला सकाळी व्हॅन आली, थांबली, हॉर्न वाजला, गेली.

आणि मग आभाळाने चावटपणा केला. वारा आला नाही. बर्फ आलं नाही. दुधासारखं होतं ते आभाळ दुपारपर्यंत निळं झालं आणि निळंच राहिलं. दहाला ऊन. अकराला ऊन. त्सेवेनच्या टकलावर घाम आला, आणि मे महिन्यात त्या बाजूला घाम आलेला माणूस बघायला लोक घोड्यावरून आले होते म्हणतात.

“विंचरल्या असत्या तरी चाललं असतं,” होरलो तिसऱ्या दिवशी म्हणाली. कुणाकडे न बघता, कढई घासत.

“तू गेली होतीस वर विचारायला?” त्सेवेन म्हणाला.

पुन्हा त्या घरात तो विषय निघाला नाही. पण निघाला नाही म्हणून नव्हता असं नाही. चहा ओतताना होता, गोवऱ्या वेचताना होता. दुलमा सकाळी उठून ऊन बघायची आणि तिला उन्हाचा तिटकारा यायचा.

तेराला ती टेकडीवर गेली, जिथे उभं राहून हात वर केला की फोन लागतो. कॉलेजच्या खिडकीतली बाई काहीतरी खात होती.

“नाव? हां. बाद. यादी गेली वर.”

“सप्टेंबरात परत बसता येईल?”

“येईल की. सत्र पुन्हा करायचं.”

“पहिला हप्ता भरलाय मी. दहा एप्रिलला.”

“तो ह्या सत्राचा. ह्या सत्रात तू नाहीस. नवीन सत्र, नवीन हप्ता.” चावण्याचा आवाज. “गैरहजेरीचं कारण काय लिहू?”

“शेळ्यांची लोकर सुटली नव्हती.”

“काय?”

“लोकर सुटली नव्हती.”

“‘वैयक्तिक’ लिहिते,” बाई म्हणाली.

दुलमा हात वर करून तशीच उभी राहिली, फोन बंद झाला होता तरी. मग खाली आली आणि कुणी काही विचारायच्या आत पाण्याचं पिंप उचलून विहिरीकडे गेली.

त्यानंतर रोज सकाळी त्सेवेन शेळ्यांच्या वाड्यात जायचा. एकतीसातली एकेक धरायचा, डोळे मिटून तिच्या काखेत, कानामागे बोटं फिरवायचा. कागद त्याने काढलेला नव्हता, पण तिकडे बघत नव्हता. बाहेर येऊन एकच वाक्य बोलायचा.

“आज नाही.”

दुसऱ्या दिवशी, “आज नाही.”

असे किती दिवस, ते दुलमाने मोजले नाहीत. मोजायची तिला सवय होती आणि त्या सवयीचाच तिला वीट आला होता. घरची कुत्री मात्र अजून तिच्या मागे मागे हिंडत होती, हात चाटायला बघत होती. त्यांना काय सापडत होतं ते त्यांनाच माहीत.

मग एका सकाळी तो वाड्यातून बाहेर आला. बोटांना पांढरे धागे आपोआप चिकटून आले होते, कोळ्याच्या जाळ्यासारखे, आणि वाऱ्याने हलत होते.

“आज,” तो म्हणाला.

त्याने दुलमाच्या हातात फणी दिली आणि तीच पहिली शेळी ओढून आणली, तीन ओरखड्यांची. ओरखडे भरून आले होते. दुलमा तिच्याजवळ बसली. शेळीने मान लांब करून तिच्या बोटांचा वास घेतला, फुरफुरली आणि तोंड फिरवलं. माणसाने उकिरड्याजवळून जाताना फिरवावं तसं.

दुलमाने बोटं स्वतःच्या नाकाशी नेली. शेळीचं बरोबर होतं.

“तोंड फिरवायचं तर फिरव,” ती म्हणाली. “पाय इकडे दे.”